अंगठा कुणाचा दुखतो?

"गेम खेळून हात दुखतोय" असं कुणी म्हटलं की आपल्याकडे एकतर हशा पिकतो, नाहीतर "मग खेळतोस कशाला?" असं फर्मान सुटतं. "कुठं दुखतंय, दाखव बघू" असं म्हणणारा माणूस विरळाच. या वीकान्ताचं माझं भांडण त्या हशाशी आणि त्या फर्मानाशी आहे.

आधी दुखणं समजून घेऊ. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन टेंडन (आपण सरसकट 'शीर' म्हणतो) एका अरुंद बोगदीतून जातात. अंगठा तासन् तास ताणून ठेवला, पुन्हापुन्हा तसाच फिरवला की त्या बोगदीचं आवरण जाड होतं आणि शिरा अडकत सरकायला लागतात. घाटातल्या अरुंद वळणावर दोन ट्रेलर समोरासमोर आले की काय होतं, ते पोलादपूरकरांना वेगळं सांगायला नको. मग बाटलीचं झाकण उघडताना, बादली उचलताना कळ येते. स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्वेन यांनी या दुखण्याचं वर्णन केलं १८९५ मध्ये. तेव्हा कुठला आला व्हिडिओ गेम!

हेच दुखणं नव्या बाळंतिणींनाही होतं, सारखं बाळ उचलून. तिला कुणी म्हणतं का, "मग बाळ घेतेस कशाला?" नाही. तिला पट्टा मिळतो, औषध मिळतं, चार माणसं मदतीला येतात. शीर तीच, सूज तीच. फक्त गेम खेळणाऱ्या पोराच्या वाट्याला प्रवचन येतं. म्हणजे आपण दुखापत बघतच नाही, चारित्र्य बघतो.

बरं, डॉक्टरांना हे नवीन आहे असंही नाही. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९८१ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' खेळून दुखावलेल्या मनगटाची नोंद आहे. १९९० मध्ये त्याच नियतकालिकात एका ३५ वर्षांच्या बाईची केस आली. सलग पाच तास निन्टेन्डो खेळून तिचा अंगठा धरला होता. त्या दुखण्याला 'निन्टेन्डिनायटिस' असं गमतीदार नावही मिळालं. नाव गमतीदार असलं की दुखणंही गमतीचं वाटायला लागतं, हा एक तोटाच.

आता या गोष्टी महाड-पोलादपूरला कशाला आणायच्या? कारण अंगठा दुखण्याची किंमत सगळीकडे सारखी नसते, मंडळी. २०१६ मध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये पब्जी मोबाइल आला आणि स्वस्त फोनवरची लढाई खेड्यापाड्यांत पोचली. २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली, २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय म्हणून परतला. पुण्या-मुंबईत आपलं मनगट दुखलं तर कंपनी खुर्ची बदलून देते, विमा असतो, फिजिओ असतो, दोन दिवस घरून काम करता येतं. महाड एमआयडीसीत कंत्राटी कामाला जाणाऱ्या पोराचं काय? व्हॉल्व्ह फिरवायचा, पाना आवळायचा, ड्रम सरकवायचा तो याच अंगठ्यानं. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर लावणीच्या दिवसांत रोपं उपटून मुठी बांधायच्या त्याही याच अंगठ्यानं. उपचारातला पहिला शब्द 'विश्रांती' हा आहे, आणि रोजंदारीवर विश्रांती म्हणजे खाडा.

म्हणून तो लपवतो. घरी सांगितलं तर मोबाइल जाईल, मुकादमाला सांगितलं तर काम जाईल. मग "गाडीवरून पडलो", "लचक भरली" असं काहीतरी सांगून तेल चोळलं जातं. जाड झालेलं आवरण जोरात चोळून उतरत नाही. वेळेत अंगठ्याला आधार देणारा पट्टा आणि आराम मिळाला तर बऱ्याचदा भागतं. अंगावर काढलं तर इंजेक्शन, त्यानंही नाही भागलं तर छोटी शस्त्रक्रिया. आपलं प्रवचन त्या पोराला या दुसऱ्या वाटेनं ढकलतं, हा माझा आरोप आहे.

याच महाड तालुक्यात याच्या नेमकं उलट घडलेलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा विंचूदंशानं माणसं पटापट मरत होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या आणि पुढं प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध वापरून मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अंगठ्यानं कुणी मरत नाही, कबूल. पण सुरुवात कुठून करायची ते तिथून शिकता येतं. "रात्री अनवाणी कशाला फिरलास?" हा प्रश्न त्यांच्या केसपेपरवर नव्हता.

आता आपल्या जातभाईंकडे, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांकडे वळतो. काचेवरची जॉयस्टिक आपण बनवली. तिला ना उंचवटा, ना स्प्रिंग, त्यामुळे अंगठा कायम अधांतरी ताठ. मॅच मध्येच थांबवता येत नाही, सोडली तर रँक जातो आणि टीममधले तिघं शिव्या घालतात. रोजच्या मिशनचं बक्षीस वेगळंच. ही सगळी कुणीतरी मीटिंगमध्ये बसून ठरवलेली फीचर्स आहेत, आणि फीचर बदलता येतं. 'मारिओ पार्टी'त तळहातानं स्टिक गरगरा फिरवून पोरांचे हात सोलवटले, तेव्हा २००० मध्ये न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलच्या चौकशीनंतर निन्टेन्डोला मोफत हातमोजे वाटावे लागले. तिथं कुणी "पोरंच वाईट" म्हणून हात झटकले नाहीत.

बीजीएमआयनं २०२१ मध्ये अठराच्या आतल्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली होती. म्हणजे तास मोजता येतात. पण ३ तास सलग खेळले तर अंगठ्याला काय फरक पडला? दर दोन मॅचनंतर दहा मिनिटं सक्तीची विश्रांती आणि त्यात रँकला धक्का नाही, एवढं लिहायला किती ओळींचा कोड लागतो हो? २०२५ च्या कायद्यानं ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. खेळ म्हटला की दुखापत आली, आणि दुखापत आली की तिची जबाबदारीही आली.

असो. गणपतीला गावी गेलात की ओटीवर बसलेला एखादा भाचा-पुतण्या दोन्ही अंगठे स्क्रीनवर आपटत असेलच. त्याला उपदेश करू नका. चहा घेताना कप कुठल्या हातानं उचलतोय ते बघा. हात बदलत असेल तर जवळ बसा, दुखतंय का विचारा, आणि घरच्यांच्या देखत त्याच्या बाजूनं बोला. सुट्टीत डॉक्टरकडे तुम्हीच घेऊन जा.