फोटो राहू दे, गवा राहू दे!

या वीकएंडला दाजीपूरचा प्लॅन? लई भारी! पण निघण्याआधी जरा ऐका.

हे जंगल म्हणजे एकेकाळचं कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान. १९५८मध्ये ते गव्यासाठी राखलं गेलं. १९८५मध्ये वाढून राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं झालं. मस्तच ना! पण रानाच्या कडेपर्यंत आता ऊस आणि रस्ते पोचलेत. गव्याला हद्द कुठली कळायला? तो चालत शिवारात येतो, कधी थेट शहरातही.

मग आपण काय करतो? बाइक काढतो, मोबाइल काढतो आणि ‘गवा आला रे’ करत मागे पळतो. डिसेंबर २०२०मध्ये पुण्यात कोथरूडला असाच एक गवा आला. बघ्यांच्या गर्दीनं बिथरला, पळून पळून दमला आणि शेवटी मेला. शिकारी कुणीच नव्हता. होती ती फक्त हौस.

म्हणून गवा दिसला की गाडी लांबच थांबवा. हॉर्न नको, फ्लॅश नको. वन विभागाला कळवा आणि त्याची परतीची वाट मोकळी सोडा. टनभराचा गडी आहे तो, बिथरला तर तुमचीही खैर नाही.

फोटो काय, पुढच्या वेळी मिळेल. त्यासाठी गवा मात्र राहिला पाहिजे की!