तारकागुच्छांचा काळ संपलेला नाही

१९८१मध्ये कॅसिनेली, मॅथिस आणि सॅव्हेज या तीन शास्त्रज्ञांनी खगोलविश्वाला चक्रावून टाकणारा दावा केला. मोठा मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या टॅरंटुला तेजोमेघाच्या गाभ्यात ‘आर १३६ए’ नावाचा प्रकाशबिंदू आहे. तो सूर्याच्या दोन हजार पटींहून अधिक वस्तुमानाचा एकच तारा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. एवढा मोठा तेजोमेघ उजळवायला लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब त्याने जुळत होता. चारच वर्षांनी वायगेल्ट आणि बायर यांनी त्या बिंदूची फोड केली. वातावरणाच्या थरथरीने ताऱ्याची प्रतिमा पसरते. त्यांनी सेकंदाच्या छोट्याशा अंशात टिपलेल्या असंख्य प्रतिमांमधून ती थरथर गणिताने काढून टाकली, तेव्हा एका विकलेच्या आत निदान आठ तारे वेगळे दिसले. पुढे हबल दुर्बिणीने तिथे ताऱ्यांची दाट वस्तीच दाखवली. आज त्यातल्या सर्वांत जड ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे दोनशे पट मानले जाते. गुच्छाचे वय जेमतेम दहा ते वीस लाख वर्षे आहे आणि एकूण वस्तुमान हजारो सूर्यांएवढे.

या शोधाचे मोल एका चुकीच्या अंदाजाच्या दुरुस्तीपुरते नाही. मोठे, दाट गुच्छ आता जन्मत नाहीत या जुन्या समजुतीला त्याने हादरा दिला. शौरी तारकासमूहातला एम १३ हा गोलाकार तारकागुच्छ एडमंड हॅलेने १७१४मध्ये पाहिला. तो महाराष्ट्रातून साध्या दुर्बिणीनेही धूसर ठिपक्यासारखा दिसतो. त्यात लाखो तारे आहेत आणि त्यांचे वय सुमारे १,२०० कोटी वर्षे आहे. आपल्या आकाशगंगेतले असे बहुतेक गुच्छ याच पिढीचे. त्यामुळे इतक्या ताऱ्यांना एकत्र जन्म देणारा काळ विश्वाच्या बालपणी होऊन गेला, आता कृत्तिकांसारखे छोटे आणि विरळ गुच्छच जन्मतात, असे अनेक दशके गृहीत धरले गेले.

हे गृहीतक मोडले ते आकाशगंगेबाहेर. १९९२मध्ये हबलच्या प्रतिमांत एनजीसी १२७५ या दीर्घिकेत निळसर, तरुण आणि अतिशय तेजस्वी गुच्छ सापडले. १९९५मध्ये व्हिटमोर आणि श्वायझर यांनी हस्त तारकासमूहातल्या ‘अँटेना’ दीर्घिकांमध्ये असे सातशेहून अधिक तेजस्वी बिंदू नोंदवले. तिथे दोन दीर्घिका एकमेकींवर आदळत आहेत. त्या धडकेत वायू प्रचंड दाबाखाली येतो आणि कमी जागेत, कमी वेळात भरपूर तारे जन्मतात. म्हणजे गोलाकार गुच्छ घडवणारी परिस्थिती दुर्मीळ झाली आहे, नाहीशी झालेली नाही.

जन्म झाला म्हणजे जगणे पक्के झाले असे मात्र नाही. गुच्छ बनतो तेव्हा ढगातला बराचसा वायू ताऱ्यांत रूपांतरित न होता उरलेला असतो आणि त्याच्याही गुरुत्वाकर्षणाने तारे एकत्र बांधलेले असतात. मग जड ताऱ्यांचे प्रखर किरण आणि वारे हा वायू हुसकावून लावतात, आणि काही दशलक्ष वर्षांनी सुपरनोव्हांचे स्फोट उरलासुरला वायूही उडवतात. बांधणारे बळ एकाएकी घटले की तारे विखुरतात. चार्ल्स आणि एलिझाबेथ लाडा यांनी २००३मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, आकाशगंगेतल्या धुळीच्या ढगांत जन्मणाऱ्या गुच्छांपैकी फक्त चार ते सात टक्के कृत्तिकांच्या वयापर्यंत, म्हणजे सुमारे दहा कोटी वर्षे, टिकतात.

जे वाचतात, त्यांची झीज आतून सुरू राहते. हे गणित घडवणाऱ्यांत सुब्रह्मण्यम् चंद्रशेखर अग्रणी होते. १९४३मध्ये त्यांनी दाखवले की जड तारा इतर ताऱ्यांच्या ओढीमुळे मंदावतो. त्याच वर्षी त्यांनी गुच्छातून तारे किती वेगाने निसटतात, याचाही हिशेब मांडला. मंदावलेले जड तारे केंद्राकडे सरकतात, हलके तारे वेग मिळवून बाहेर पडतात. दाट गाभ्यात ताऱ्यांची टक्करही होऊ शकते. बाहेरून दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण कडेचे तारे ओढून नेत राहते. तारकागुच्छ किती घट्ट आहे यावरून काळाचा अंदाज घेता येईल, असे विल्यम हर्शेलला अठराव्या शतकातच वाटले होते. त्याची कल्पना गणितात उतरायला दीडशे वर्षे लागली.

२०२४मध्ये गुच्छांचा शोध काळात आणखी मागे गेला. अँजेला अडामो यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीतून, मधल्या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाने मोठी झालेली एक अतिदूरची दीर्घिका पाहिली. विश्वाचे वय जेमतेम ४६ कोटी वर्षे असतानाच्या त्या दीर्घिकेत पाच तरुण, घट्ट बांधलेले गुच्छ दिसले. एम १३सारख्या म्हाताऱ्या गुच्छांचे बालपण आता थेट पाहण्याच्या टप्प्यात आले आहे.

या वाटचालीत भारताचा वाटा चंद्रशेखरांवरच थांबत नाही. २०१५मध्ये प्रक्षेपित झालेल्या ॲस्ट्रोसॅटवरच्या अतिनील दुर्बिणीच्या उभारणीत पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेचा सहभाग होता. २०२०मध्ये आयुकातील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाने याच दुर्बिणीने, ९३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतून निसटणारे अतितीव्र अतिनील किरण टिपले. असे किरण तरुण गुच्छांत असतात तशा तप्त, तरुण ताऱ्यांकडून येतात आणि हेच किरण पुरातन विश्वातला वायू आयनित करण्यास कारणीभूत ठरले असावेत.

या इतिहासातून धोरणासाठी एक धडा स्पष्ट निघतो. आर १३६ए एकच तारा वाटला, कारण दुर्बिणीची नजर पुरेशी तीक्ष्ण नव्हती. महागुच्छांचा काळ संपला असे वाटले, कारण पाहण्याचे क्षेत्र आकाशगंगेपुरते होते. दोन्ही वेळा तर्काला वळण दिले ते वाढत्या वेधशक्तीने. पण अशी वेधशक्ती तीन वर्षांच्या प्रकल्पात उभी राहत नाही. म्हणून भारताने पुढची अतिनील दुर्बीण आखताना, आजच्या उपग्रहांचे वेध जपण्यासाठी आणि ते राज्यांतल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्यासाठीही निधीची तरतूद केली पाहिजे. आज टिपलेल्या बिंदूंची फोड करणारी माणसे कदाचित अजून शाळेत असतील. त्यांच्या हाती पुरेशी सामग्री राहील याची व्यवस्था करणे ही आपली जबाबदारी आहे.