रिकाम्या जागा भरा

एप्रिलच्या शेवटी एका शुक्रवारी मी पहाटे साडेपाचला गजर लावून उठतो. अमेरिकेत तेव्हा गुरुवारची रात्र असते आणि एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा, ड्राफ्ट सुरू होतो. चेंडू नाही, मैदान नाही, नुसती नावं पुकारतात. आई दरवर्षी विचारते, "अरे, पण मॅच कुठाय?" तिचा प्रश्न बरोबर आहे. मी काय बघत असतो, याचं उत्तर मला अलीकडे सापडलंय, आणि ते मला आवडलेलं नाही.

ड्राफ्टच्या आधी महिनाभर सगळे पंडित ३२ संघांची भोकं मोजतात. याच्याकडे डावा टॅकल नाही, त्याच्याकडे कॉर्नरबॅक नाही. मग सात फेऱ्यांत ही भोकं बुजणार, असा सगळ्यांचा समज. माझं म्हणणं सरळ आहे: रिकाम्या जागा भरायला ड्राफ्ट हे वाईट साधन आहे, आणि ते टिकलंय ते जागा भरतात म्हणून नाही, तर माणूस स्वस्तात बांधून ठेवता येतो म्हणून.

आधी साधनाबद्दल. २०२१ साली सॅन फ्रान्सिस्कोला भविष्यातला क्वार्टरबॅक हवा होता. त्यांनी पहिल्या फेरीतल्या तीन निवडी आणि वर तिसऱ्या फेरीतली एक देऊन तिसरा क्रमांक मिळवला आणि ट्रे लान्सला घेतलं. त्याने त्यांच्यासाठी मोजून चार सामन्यांत सुरुवात केली. २०२३मध्ये चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात तो डॅलसला गेला. ती जागा भरली ब्रॉक पर्डीने. तो २०२२च्या ड्राफ्टमधला २६२वा, म्हणजे अगदी शेवटचा खेळाडू. शेवटच्याला तिथे थट्टेने 'मिस्टर इर्रेलेव्हंट' म्हणतात. या बिनमहत्त्वाच्या महाशयांनी संघाला सुपर बोलपर्यंत नेलं.

हा एक किस्सा झाला, असं तुम्ही म्हणाल. मग केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांचं काम बघा. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता त्यांना साधारण ५२ टक्के आढळली. नाणेफेकीहून किंचित बरी.

जागा प्रत्यक्षात भरतात कशा? मार्चमध्ये करार संपलेले खेळाडू घेऊन. ड्राफ्ट संपला रे संपला की कुणीच न निवडलेल्या पोरांना धडाधड फोन करून. उन्हाळ्यात ९० माणसं गोळा करून आणि ऑगस्टअखेर ती ५३ वर आणून. सराव पथकात १६ जण ठेवून आणि दुसऱ्यांनी काढलेले उचलून.

यातली एक खोच खास आहे. तुमचे खेळाडू दुसरीकडे गेले, तर पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाई म्हणून जादा निवड मिळू शकते. पण तुम्ही बाहेरून कुणाला घेतलं, तर ती कटू शकते. ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर मात्र हा हिशेब थांबतो. म्हणून तिशीतला, पोराबाळांचा, चांगला खेळणारा माणूस कधीकधी एप्रिलभर घरी बसतो. संघाला तो हवा असतो. फक्त तारीख उलटायची असते.

आता माणूस बांधून ठेवण्याबद्दल. २०२३च्या हंगामात पर्डीचा मूळ पगार ८ लाख ७० हजार डॉलर होता. आपल्याला आकडा मोठा वाटतो, पण २०२५मध्ये त्याच माणसाशी पाच वर्षांसाठी २६.५ कोटी डॉलरपर्यंतचा करार झाला. मधला फरक कोणाच्या खिशात राहिला? ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला खेळाडू चार वर्षं बांधला जातो, पहिल्या फेरीतला असेल तर पाचव्या वर्षाचा हक्कही संघाकडेच. गंमत म्हणजे ज्याला कुणीच निवडत नाही, त्यालाच आपला संघ निवडता येतो. २५०वा आलेला पोरगा मात्र नेतील तिथे जातो.

हे बेकायदा आहे, असं अमेरिकेतल्या न्यायालयानेच १९७६ साली म्हटलं होतं. जेम्स स्मिथ नावाच्या खेळाडूची मान पहिल्याच हंगामात दुखावली, कारकीर्द संपली. त्याचा दावा असा की, खुल्या बाजारात आपल्याला याहून चांगला करार मिळाला असता. पुढे खेळाडू संघटनेच्या सामूहिक करारात ड्राफ्ट आला आणि कायद्याच्या कचाट्यातून सुटला.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ड्राफ्ट नसेल तर श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू पळवतील. १९३५ साली बर्ट बेल यांनी ही कल्पना मांडली तेव्हा या म्हणण्यात दम होता. पण १९९४पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे. सगळ्यांच्या खिशात सारखेच पैसे असतील, तर पळवणार कोण आणि कशाने? समतोल त्या मर्यादेने राखावा. बावीस वर्षांच्या पोराच्या स्वातंत्र्याने का राखायचा?

मला हे इतकं का लागतं? आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्लेसमेंटचा नियम होता: एक ऑफर मिळाली की पुढच्या कंपनीला बसायचं नाही. कारण सांगायचे, "सगळ्यांना संधी मिळावी म्हणून." मला पहिल्याच दिवशी ऑफर मिळाली. पेढे वाटले, आणि दहा दिवसांनी मला हवी असलेली कंपनी आली तेव्हा मी वसतिगृहात बसून होतो. ज्या मित्राला तोवर कुणीच घेतलं नव्हतं, तो तिथे गेला. टक्केवारी कॉलेजच्या माहितीपत्रकात छापून आली.

पुढच्या एप्रिलमध्येही मी पहाटे उठेन, सवय सुटत नाही. पण मंचावर येऊन टोपी घालणाऱ्या पोराला पाहून टाळ्या वाजवण्याआधी एवढं आठवेन: १९३६च्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी जे बर्वँगर याचं नाव पुकारलं गेलं. तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. त्याने दुसरी नोकरी धरली. पहिल्याच जागेसाठी निवडलेल्या पहिल्याच माणसाने ती रिकामी ठेवली.