गोळी कोणती? जी उडेल ती!

या शनिवारी कोडबद्दल काही लिहीत नाही. विषय जरा वेगळा आहे, आणि खरं सांगायचं तर डोकं फिरलंय म्हणून लिहितोय.

दिवाळीनंतर नांदुऱ्याला मामांकडे गेलो होतो. हायवेवरचा १०५ फुटी हनुमान लांबून दिसला की मला घरी आल्यासारखं वाटतं. मामांचा कापसाचा व्यापार. हंगामात रोकड घेऊन खेडोपाडी फिरायचं, रात्री उशिरा परतायचं. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी शस्त्र परवाना काढला आणि खिशात मावणारं, बत्तीस बोरचं एक जुनं विलायती पिस्तूल घेतलं. मागच्या हंगामात त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला रात्री रस्त्यात अडवलं, तेव्हापासून मामांची झोप उडालेली.

जेवण झाल्यावर त्यांनी विषय काढलाच. "भासेबुवा, तू कम्प्युटरवाला हायेस. मले सांग, याच्यात कोणती गोयी टाकू? हे पोट्टं म्हनते का होलो पॉइंट पाह्यजे. थे नसन त पिस्तूल खेळणंच समजा."

पोट्टं म्हणजे माझा मामेभाऊ. त्याने लगेच मोबाईलवर अमेरिकन व्हिडिओ लावला. पारदर्शक जिलेटिनचा ठोकळा, त्यात गोळी घुसते आणि कमळासारखी उमलते. बघायला झकास! पण मंडळी, हा वाद आपला नाहीच. तो उसना आणलेला आहे.

का ते सांगतो. बत्तीस बोरच्या पिस्तुलाचं काडतूस जॉन ब्राउनिंगने १८९९च्या सुमारास आणलं. गोळीचं वजन ७१ ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. वेग सेकंदाला साधारण २७५ मीटर. ऊर्जा येते पावणेदोनशे ज्यूलच्या आसपास. नऊ एमएमची याच्या अडीच पट तरी असते. १९८६ साली मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, तेव्हा एक गोळी नेमकी लागूनही हृदयाच्या अलीकडे थांबली होती. त्यानंतर त्यांनी नियम केला, की गोळी जिलेटिनमध्ये किमान १२ इंच आत गेली पाहिजे. आता गंमत बघा. बत्तीसची होलो पॉइंट गोळी उमलली तर बऱ्याचदा १२ इंच जात नाही, आणि १२ इंच गेली तर बऱ्याचदा उमललेलीच नसते. म्हणून तिकडचेच अनेक जाणकार या बोरमध्ये साधी, गोल नाकाची, पूर्ण आवरणाची गोळी वापरा म्हणतात. व्हिडिओतलं कमळ बहुतेकदा नऊ एमएमचं असतं हो! आणि नऊ एमएम आपल्याकडे 'प्रोहिबिटेड बोर'. सामान्य माणसाला परवानाच मिळत नाही.

दुसरी गोष्ट. या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. होलो पॉइंट काडतूस लांबीला आखूड असतं, त्यामुळे मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकायला जागा उरते, एकाची कड दुसऱ्याच्या कडेमागे अडकते आणि पिस्तूल जाम. म्हणजे जास्त मारक गोळी घ्यायला गेलात आणि हातात पेपरवेट उरला!

राहिला बाजाराचा प्रश्न. दुकानात परवानाधारकाला जी मिळते ती बहुतेक पूर्ण आवरणाचीच. नांदुऱ्याहून मुंबईकडे निघालं की भुसावळच्या अलीकडे वरणगाव लागतं, तिथे लहान शस्त्रांच्या गोळ्यांचा सरकारी कारखाना आहे. पुण्याजवळ खडकीचा तर १८६९ पासूनचा. २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. सांगायचा मुद्दा, आपल्या भागात गोळ्या बनतात. पण मामांसारख्याला त्यातून 'चॉइस' नसतो, आणि त्याबद्दल गळा काढण्यातही अर्थ नाही.

मग निवड उरतच नाही का? उरते ना! पण ती करायला कष्ट पडतात, म्हणून कोणी करत नाही.

मी मामांना विचारलं, "मामा, आत्ता भरलेल्या गोळ्या कधीच्या आहेत?"

"घेतलं तवाच्याच. दोन चालवून पाह्यल्या होत्या, बाकी तशाच."

चौदा वर्षं! कातडी पाउचमध्ये, कपाटात. कातड्यामुळे पितळावर हिरवट थर चढलेला. वर मामा दर दिवाळीला पिस्तुलाला सढळ हाताने तेल पाजणार. काडतुसाच्या बुडाला प्राइमर असतो, पिनेचा ठोका बसला की पेटणारी छोटी टोपी. तेल तिच्यात झिरपलं की ती मेली. त्याहून वाईट म्हणजे मामा रोज सकाळी पिस्तूल भरायचे, रात्री रिकामं करायचे, आणि तेच वरचं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये. प्रत्येक धक्क्याला गोळी पितळी नळीत थोडी थोडी मागे दबते. ते काडतूस बाकीच्यांशेजारी उभं केलं तर बुटकं दिसलं. अशा काडतुसात दाब धोकादायक वाढू शकतो.

दुसऱ्या आठवड्यात मामांनी जिल्ह्याबाहेरच्या एका रायफल क्लबच्या रेंजवर पिस्तूल नेलं, मी सोबत. बुटकं काडतूस आणि हिरवी पडलेली तिथल्या प्रशिक्षकांनी आधीच बाजूला काढली. बरी दिसणारी सहा उरली. त्यातल्या दोनांनी नुसतं 'टक' केलं. प्रशिक्षक म्हणाले, नळी लक्ष्याकडेच ठेवा, तीस सेकंद थांबा, उशिरा पेट घेऊ शकते. ती तीस सेकंदं मला फार मोठी वाटली. समोर पुठ्ठा होता म्हणून ठीक. रात्रीचा रस्ता असता तर? उरलेल्या चारांपैकी सात मीटरवरून पुठ्ठ्याला लागली एक. मामा काहीच बोलले नाहीत. मामेभावाने मोबाईल खिशात ठेवला.

आमच्या धंद्यात टेस्ट न केलेला कोड प्रॉडक्शनवर टाकणाऱ्याला शिव्या बसतात. इथे चौदा वर्षं टेस्ट न केलेली गोष्ट माणूस जिवाच्या भरवशावर कमरेला लावतो, आणि चर्चा कसली करतो, तर गोळीच्या नाकाची!

काहीजण म्हणतील, होलो पॉइंट शरीरात थांबते, मागच्या निष्पापाला लागत नाही. मुद्दा मोठ्या बोरसाठी खरा आहे. पण आधी ती लागली तर पाहिजे! नेम चुकलेली गोळी कुठल्याही जातीची असो, टपरीच्या पत्र्यातून आरपार जाते. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क देत नाहीत. चुकलेल्या गोळीचा हिशोबही उडवणाऱ्यालाच द्यावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ला अभिनेते गोविंदा यांना घरात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली. तिथे गोळीची जात विचारून काय उपयोग होता?

तर माझं म्हणणं एवढंच. साधी, पूर्ण आवरणाची, ताजी गोळी घ्या. रिव्हॉल्व्हरची बत्तीस आणि पिस्तुलाची बत्तीस वेगळी, दुकानात परवाना आणि शस्त्र दोन्ही दाखवून घ्या. परवान्यावरच्या वार्षिक कोट्यातली निम्मी रेंजवर उडवा, त्याच पिस्तुलातून. जी तुमच्या पिस्तुलात न अडकता उडते, ती तुमची गोळी. रोज तेच काडतूस चेंबरमध्ये ढकलू नका. जुनी काडतुसं नदीत फेकू नका, विक्रेत्याला नाहीतर पोलीस स्टेशनला विचारून जमा करा.

आणि हे सगळं जमणार नसेल तर शस्त्र जमा करा. यात कमीपणा काही नाही. पिस्तूल म्हणजे हातातलं सोन्याचं कडं नव्हे.

परतीच्या वाटेवर मामा बराच वेळ गप्प होते. शेगाव गेल्यावर म्हणाले, "इतकं करन्यापरीस शेतकऱ्याचे पैसे बँकेतूनच टाकत जाऊ का रे? मंग रोकडच नाही, त भेव कायचं?"

मी म्हटलं, "मामा, ही सगळ्यात चांगली गोळी."

अजून ठरलेलं नाही. शेतकरी रोख मागतात, ही अडचण खरीच आहे. पण मामांनी नवीन काडतुसं मात्र आणली, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा रेंजवर जायचं ठरलंय. असो.