बीएस्सीच्या बाकावरून बीडीएसकडे

नीटचा निकाल लागला की नरखेड, जलालखेडा, सावरगाव, काटोल या पट्ट्यातल्या आपल्या दवाखान्यांत पेशंटखेरीज आणखीही माणसं येऊन बसू लागतात. संत्र्याचा बगीचा असलेला बाप, सोबत बीएस्सीच्या पहिल्या वर्षातली मुलगी किंवा मुलगा, हातात निकालाची प्रिंट. प्रश्न ठरलेला असतो. “डॉक्टर साहेब, एमबीबीएसला नंबर लागत नाही, डेंटलला लागते म्हणतात. बीएस्सी पुरी होऊ द्यावी, की सोडून डेंटलला टाकावं?” तालुक्यात हा अभ्यासक्रम स्वतः शिकलेली माणसं आपणच, म्हणून हा प्रश्न आपल्याकडे येतो. आणि बहुतेक वेळा आपण त्याचं उत्तर दोन पेशंटच्या मधल्या पाच मिनिटांत देऊन मोकळे होतो. मित्रहो, त्या पाच मिनिटांवर एका मुलाचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहणार असतं. म्हणून या अंकात त्यावरच लिहितो आहे.

आधी नियम बघू, कारण त्याबद्दल पालकांत आणि काही वेळा आपल्यातही गैरसमज आहेत. दंत परिषदेच्या 2007च्या बीडीएस नियमांनुसार प्रवेशाला बारावी पुरते. इंग्रजीसह भौतिक, रसायन, जीवशास्त्र हे विषय. या तीन विज्ञान विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना 40 टक्के. प्रवेशवर्षाच्या 31 डिसेंबरला 17 वर्षं पूर्ण. आणि नीटची पात्रता. बीएस्सीचं पहिलं वर्ष किंवा पूर्ण बीएस्सी झालेल्यांचाही नियमांत उल्लेख आहे, पण तोही पात्रतेपुरताच. गुणवत्ता यादी नीटच्या गुणांवर लागते, पदवीने तिच्यात एक गुणही वाढत नाही. नीटला कमाल वयाची जी अट होती तीही 2022मध्ये काढून टाकली गेली.

“आधी डिग्री हातात असू दे, मग बघू” हा वडीलधारा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. अठराव्या वर्षी बारावी झालेली मुलगी बीएस्सी पूर्ण करून एकविसाव्या वर्षी बीडीएसला गेली, तर चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप धरून ती सव्वीसची होते. एमडीएस करायचं ठरवलं तर एकोणतीस. तीच मुलगी बीएस्सीच्या पहिल्या वर्षानंतर गेली तर चोविसाव्या वर्षी दंतवैद्य असते. गावाकडच्या घरात मुलीच्या शिक्षणाची ही दोन वर्षं किती जड असतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाचे श्रेयांक तिच्या नावे जमा राहतात आणि ठरावीक जास्तीचे श्रेयांक पूर्ण केल्यास त्या वर्षाचं प्रमाणपत्रही मिळतं. अर्धवट राहिलेल्या बीएस्सीची पूर्वी जी भीती होती, तिला आता फारसा आधार उरलेला नाही.

खरी अडचण कागदांची असते, आणि ती ऐन वेळी उभी राहते. बारावीचा मूळ शाळा सोडल्याचा दाखला बीएस्सीच्या कॉलेजात जमा असतो. केंद्रीभूत प्रवेशाच्या (कॅप) फेरीत जागा मिळाली की प्रवेश निश्चित करायला हातात मोजके दिवस असतात, त्यात टीसीसाठी कॉलेजात खेटे घालावे लागतात. जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअरसाठी आधीच धावपळ केलेली नसेल तर राखीव जागेवरचा हक्क हातचा जातो. नरखेडसाठी आणखी एक बाब फार महत्त्वाची. आपला तालुका मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून आहे, आणि सोयीची गाडी किंवा नातेवाईक बघून काही मुलं पांढुर्ण्याला शिकतात. राज्याच्या 85 टक्के कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात. राहायला नरखेडला, पण बारावी सीमेपलीकडे, अशा मुलाला हे दहावीनंतरच कळायला हवं. नीटच्या निकालानंतर कळून उपयोग नसतो.

फीचं गणित संत्र्याच्या गणिताशी जुळत नाही, हेही लक्षात घ्या. प्रवेशाच्या पहिल्या फेऱ्या पावसाळ्यात असतात. अंबिया बहाराची फळं तोडणीला येतात ती त्यानंतर, आणि मृगाची तर थेट उन्हाळ्याच्या तोंडावर. मग फीसाठी बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला पडत्या भावाने दिला जातो. खासगी कॉलेजची फी वर्षाला काही लाखांत असते, ती एकदा नाही, चार वर्षं भरायची असते. इथे आपण एक माहिती प्रत्येक पालकाला द्यायलाच हवी. जुलै 2024च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. म्हणजे नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, हिंगणा रोडवरची दोन खासगी कॉलेजं आणि सावंगी मेघेचं अभिमत विद्यापीठातलं कॉलेज, यांतल्या कशाला आधी पसंती द्यायची हा त्या घराच्या शेतीचा प्रश्न होतो. प्रादेशिक 70:30चा कोटा सप्टेंबर 2020मध्ये रद्द झाला, त्यामुळे नागपूरच्या जागेसाठी आता सगळ्या राज्याची मुलं स्पर्धेत आहेत. पसंतीक्रम अंदाजाने भरून चालत नाही.

पण एवढं सगळं नीट जुळलं तरी मूळ प्रश्न उरतोच. या मुलाला दंतवैद्य व्हायचं आहे का?

जागा मिळणं ही आता अवघड गोष्ट राहिलेली नाही. 2020-21च्या प्रवेशात देशभर बीडीएसच्या सुमारे 7,000 जागा रिकाम्या राहिल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने 8 फेब्रुवारी 2021च्या निकालात पात्रतेची पर्सेंटाइल मर्यादा 10ने खाली आणली. जागा भराव्यात म्हणून दार रुंद झालं, आणि एमबीबीएस हुकलं म्हणून आत येणाऱ्यांना आणखी सोपं झालं. अशी मुलं मग पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकाखाली नीटची पुस्तकं ठेवतात. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरताना त्यांचा जीव रमत नाही. काही दुसऱ्या वर्षाआधी निघून जातात, काही नाइलाजाने पूर्ण करतात आणि दहा वर्षांनी खुर्चीशेजारी उभं राहून पेशंटवर चिडतात. बीएस्सी सोडल्याने मुलाचं एक वर्ष जाईल. मनात नसताना बीडीएस घेतल्याने त्याची उमेद जाते, त्याच्या वडिलांचा बगीचा जातो, आणि शेवटी त्याच्या हाताखाली येणाऱ्या पेशंटचंही नुकसान होतं.

हे टाळायचा एक चांगला मार्ग अमेरिकेतल्या पद्धतीत आहे. तिथे दंत महाविद्यालयाआधी साधारण चार वर्षांची पदवी करतात. तरीही अर्ज पदवीच्या शेवटच्या वर्षापूर्वीच, शिक्षण चालू असतानाच केला जातो, आणि काही कॉलेजं तीन वर्षांच्या अभ्यासावरही विद्यार्थी घेतात. मला त्यातलं सर्वात मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. अर्ज करण्याआधी मुलाने एखाद्या दंतवैद्याच्या दवाखान्यात बसून काम पाहिलेलं असावं, अशी तिथल्या बहुतेक कॉलेजांची अपेक्षा असते आणि अनेक ठिकाणी ती शंभर तासांच्या आसपास असते. आपल्याकडे असा नियम नाही, पण त्यासाठी नियम कशाला हवा? दवाखाना आपलाच आहे.

त्या मुलाला आपल्या दवाखान्यात बसू द्या. खर्रा खाऊन तोंड दोन बोटंही न उघडणारा पंचविशीतला पोरगा त्याला दिसू द्या. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012पासून बंदी आहे, तरी पानठेल्यावर घोटलेल्या खर्ऱ्याने विदर्भातल्या तोंडांची काय दशा केली आहे, ते आपल्या खुर्चीइतकं जवळून त्याला कुठे दिसणार नाही. एका रूट कॅनलला पेशंटला किती वेळा बोलवावं लागतं, तो मधेच यायचा कसा थांबतो, कवळी बसवल्यावर म्हातारी भाकरी चावून बघते तेव्हा तिचा चेहरा कसा होतो, ऑटोक्लेव्ह आणि एक्स-रेचा खर्च किती, गावातल्या पेशंटला फी सांगताना डॉक्टर कसा अवघडतो, हे सगळं त्याने पाहावं. पेशंटची परवानगी घ्या, मास्क आणि हातमोजे द्या, आणि पेशंटच्या तोंडात त्याला हात घालू देऊ नका. नोंदणी नसलेल्याने उपचार करणं हा कायद्याने गुन्हा आहे. त्याने फक्त बघायचं आणि विचारायचं.

तीन-चार दिवसांत बहुतेक मुलांना स्वतःचं उत्तर सापडतं. ज्याला हे काम आवडेल, त्याने बीएस्सी पहिल्या वर्षात असो की दुसऱ्या, बेधडक निघावं. पालक घाबरत असतील तर त्यांची समजूत आपण काढू. ज्याला आवडणार नाही, त्याने पसंतीक्रमात बीडीएस लिहूच नये. बीएस्सी नेटाने पूर्ण करावी, आणि ती पूर्ण करणं कमीपणाचं नाही हेही त्याला आपणच सांगावं.

नरखेड आणि काटोल तालुक्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. नीटचा निकाल लागायची वाट पाहू नका. दिवाळीच्या सुट्टीत नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगावच्या शाळा-कॉलेजांतल्या अकरावी, बारावी आणि बीएस्सी प्रथम वर्षाच्या शिक्षकांना भेटा आणि आठवड्यातली एक दुपार अशा मुलांसाठी मोकळी ठेवली आहे एवढं त्यांना सांगून या. यंदा ज्यांनी असं केलं, त्यांनी आपला अनुभव आम्हाला कळवावा. पुढच्या अंकात तो छापू.