कणेकर आधी नातवंडांच्या हाती द्या



शिरीष कणेकरांना (१९४३–२०२३) नुसते 'विनोदी लेखक' म्हणून मोकळे होतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे. माझ्या मते ते आधी सिनेमाचे जाणकार, विनोद नंतरचा.

पुण्यात जन्म, मुंबईत आयुष्य. कायद्याची पदवी घेतली, पण रमले इंग्रजी वर्तमानपत्राच्या बातमीदारीत. नाव झालं ते मात्र मराठीत. 'यादों की बारात'मध्ये जुने नटनट्या, 'गाये चला जा'मध्ये चित्रपटसंगीत. पुढे 'माझी फिल्लमबाजी' घेऊन एकटे रंगमंचावर उभे राहिले. एक माणूस नुसता बोलतो आणि लोक तिकीट काढून ऐकतात, ही काही साधी गोष्ट नव्हे बाप्पा!

काही जण म्हणतात, ह्या नुसत्या गप्पा, ही समीक्षा नाही. कबूल, कॅमेरा आणि चौकट समजून घ्यायची तर अरुण खोपकरांचं गुरुदत्तवरचं पुस्तक आहेच. पण गाणं आपल्या मनात का राहिलं, हे प्रेक्षकाच्या बाजूनं सांगणंही समीक्षाच. दिलीपकुमार, लता यांच्यावरचं प्रेम कणेकरांनी कधी लपवलं नाही आणि नावडतं सांगतानाही भीड ठेवली नाही.

आता आपल्या मोहगाव, सौंसर, पांढुर्ण्याचं बोलू. १९५६ मध्ये विदर्भ तिकडे गेला, आपण इकडे राहिलो. २०२३ मध्ये आपला जिल्हा वेगळा झाला, तरी कचेरीची भाषा हिंदीच. घरात मराठी, शाळेत हिंदी, सिनेमा हिंदी. नातवंडं मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. आपण एकदम ज्ञानेश्वरी पुढे ठेवतो आणि पोट्टे पळतात!

अडचण अक्षरांची नाहीच. लिपी तीच, एक 'ळ' तेवढा नवा. अडचण सवयीची आहे. कणेकरांच्या काही पुस्तकांची नावंसुद्धा हिंदी, विषय ओळखीचा आणि मराठी समोर बसून बोलल्यासारखी. यापेक्षा सोपा दरवाजा कोणता?

कोणी म्हणेल, पोरांना दिलीपकुमार कुठे ठाऊक? मग आधी लेख वाचा, नंतर मोबाईलवर ते गाणं लावा. आठवड्याला एक लेख, मोठ्यानं, नातवंडाच्या तोंडून. चुकलं तर हसू नका. ज्ञानेश्वरी कुठे जात नाही, पण वाचायची सवय एकदा तुटली की पुढच्या पिढीत परत येत नाही.

तुमच्या घरात मराठी वाचणारं सगळ्यात लहान माणूस किती वर्षांचं आहे? जरूर लिहा.