सुनेने नोकरी सोडली, तेव्हाचा हिशेब



आमच्या वर्सोव्यात नोकरी सोडून आलेल्या माणसाचे कोणाला नवल वाटत नाही. सात बंगल्याला चहाच्या टपरीपाशी पाच मिनिटे उभे राहा, इंजिनिअरिंग सोडून नट व्हायला आलेला एक तरी मुलगा दिसेलच. अशा मुलांना भाड्याने जागा द्यायची म्हटली की सोसायटीत कुरकुर होते, आणि खरे सांगते, त्या कुरकुरीत माझाही आवाज असायचा. त्यामुळे गेल्या वर्षी मार्चमध्ये, मी सामायिक आटोपून उठत होते तेव्हा सून जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी राजीनामा देतेय," तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी ती टपरीच आली.

ती बारा वर्षे चकाल्याच्या एका कंपनीत हिशेब खात्यात होती. सकाळी वर्सोव्याहून मेट्रो, संध्याकाळी मेट्रो. काम चोख, वरिष्ठ खूश. पण तिच्या भावाची मुलगी जन्मापासून ऐकू न येणारी. त्या मुलीला यंत्र बसवले तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटले, आता ही बोलेल. ती बोलली नाही. यंत्र आवाज कानापर्यंत नेते. त्या आवाजाचा अर्थ लावायला, त्यातून शब्द धरायला रोज बसून शिकवावे लागते, वर्षानुवर्षे, आणि तेही मूल लहान असतानाच. सून सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर बसायची. तिथून हे सुरू झाले. तिला आता वांद्रे रिक्लेमेशनच्या अली यावर जंग संस्थेत श्रवणबाधित मुलांना शिकवण्याचा दोन वर्षांचा बी.एड. करायचा होता. वय अडतीस.

मी लगेच हो म्हटले असेल असे समजू नका. मी सांगलीच्या चिंतामणराव कॉलेजातून बी.कॉम. झालेली बाई. बँकेच्या लेखी परीक्षेत पास होऊन मुलाखतीचे पत्र आले आणि त्याच महिन्यात लग्न ठरले. ते पत्र अजून माझ्या ट्रंकेत आहे. ज्या खुर्चीवर मला एक दिवसही बसता आले नाही, ती ही पोरगी आपण होऊन सोडते, याचा मला राग आला होता. तिच्या कामाबद्दल मला काही म्हणायचे नव्हते. राग त्या खुर्चीचा होता.

मंदिरात बोलणे निघाले तेव्हा सगळ्याजणींचे एकच मत पडले: सेवाच करायची ना, मग रविवारी करावी, पगार कशाला सोडायचा? आपल्याकडे चार दानांत ज्ञानदान आहे, तेव्हा हा सल्ला धर्माला धरूनच वाटतो. मलाही दोन दिवस तो पटला होता. पण औषधदान करायचे म्हणून आपण स्वतः इंजेक्शन देत नाही, डॉक्टर आणतो. ऐकू न येणाऱ्या मुलाला भाषा देणे हे तसेच शिकून करायचे काम आहे. रविवारच्या हौशीने ते होत नाही. कायद्यानेही तसेच आहे. १९९२ च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. तुमच्या घरी कोणी या वाटेने जाणार असेल तर फी भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे ना, एवढे आधी पाहा.

त्या दिवसांत मी ताराबाई मोडकांविषयी पुन्हा वाचले. बालवाडीच्या ताराबाई म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांनी काय सोडले, हे मी विसरले होते. १८९२ चा जन्म, मुंबईच्या बी.ए. आणि राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. त्या काळात एका हिंदी बाईला ही केवढी जागा! नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात लहान मुलगी. म्हणजे पगाराची गरज आपल्या कोणाहूनही जास्त. आणि १९२३ साली, एकतिसाव्या वर्षी, ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजची प्रमुख अडीच-तीन वर्षांच्या पोरांत बसून नव्याने शिकू लागली. गिजुभाईही मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारातून माँटेसरीबाईंच्या पुस्तकापर्यंत पोचले आणि वकिली सोडून मास्तर झाले. दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला.

ताराबाईंचे एवढ्यावर थांबले नाही. १९४५ साली, त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. गरिबांची मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या पोरांमागे कुरणात नेली. आज आपण सहज अंगणवाडी म्हणतो, तो शब्द तिथला. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर काम केले. आता डहाणू लोकलने अंधेरीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते त्या भागातून. एकदा जाऊन या.

कर्मवीर भाऊराव पाटील तर आपल्याच समाजाचे. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरणारा माणूस ते काम सोडून वसतिगृहाच्या आणि शाळांच्या मागे लागला. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण पुरुषाने नोकरी सोडली की घराने दागिने काढून द्यायचे आणि त्याला त्याग म्हणायचे, आणि सुनेने सोडली की तिलाच विचारायचे, आता भागणार कसे? हा फरक मला त्या दिवसांत फार बोचला, कारण तो प्रश्न विचारणारी मीच होते.

भागणार कसे हा प्रश्न मात्र खोटा नाही. मी कॉमर्सची, वही घेऊन बसले. हातात येणारा पगार ५८,०००. ऑफिसमुळे होणारे खर्च वजा जाता घराला मिळत होते ४६,०००. दोन वर्षांचे ११ लाख ४ हजार. फी वेगळी. शिकून झाल्यावर पगार सुरुवातीला निम्मा धरला. हे पैसे वसूल होणार कधी? होणार नाहीत. आवडीचे काम केले की पैसा मागून येतोच, असे आजकाल सगळे सांगतात. माझ्या वहीत तरी तो येताना दिसला नाही. आम्ही हा तोटा आहे असे मान्य करून तो पत्करला. गाडी बदलायची होती ती राहिली. तिच्या पीएफला हात लावला नाही. एक चूक मात्र झाली आणि ती माझ्यासारख्या हिशेबी बाईने करायला नको होती. ऑफिसच्या आरोग्य विम्यात आम्ही दोघे सासू-सासरेही होतो. नोकरी गेली तशी तीही छत्री गेली. ह्यांना दहा वर्षांची साखर, त्यामुळे नव्या पॉलिसीत त्या दुखण्याला काही वर्षे थांबा. राजीनामा लिहिण्याआधी घराचा स्वतंत्र विमा काढून ठेवा, बायांनो.

पण खरा तोटा वहीत नव्हताच. सून ऑफिसला जायची तेव्हा तिला कोणी काही मागत नसे. तिला कामाला जायचे आहे, हे घराला, पाहुण्यांना, मंदिराला ठाऊक होते. कॉलेज सुरू झाले आणि सगळ्यांनी, पहिल्यांदा मीच, धरून चाललो की ती आता घरी आहे. दशलक्षणात दहा दिवस पाणी गाळण्यापासून पारण्याच्या तयारीपर्यंत सगळे तिच्याकडे आले. मी "तू घरीच आहेस ना" हे वाक्य किती वेळा म्हटले याचा हिशेब नाही. जयसिंगपूरहून माझी माहेरची सहा माणसे आली. सूर्यास्ताच्या आत जेवणे उरकायची म्हणून ती वांद्र्याहून शेवटचा तास सोडून धावत आली, भाकऱ्या थापल्या, वाढले, आवरले. दुसऱ्या दिवशी तिचा वर्गात शिकवण्याचा पाठ होता. रात्री एकला मी पाणी प्यायला उठले तर ही ओट्याशी उभी राहून चित्रे कापत होती. पाठ बिघडला, शेरा वाईट मिळाला. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

माझे मत त्या रात्रीनंतर बनले आणि ते असे आहे. घरच्या बाईने नोकरी सोडून नवे शिकायचे ठरवले तर "आमची परवानगी आहे" म्हणणे हे काहीच नाही. तिच्या ऑफिसच्या वेळेला घर जेवढे वचकून होते, तेवढेच तिच्या अभ्यासाच्या वेळेला वचकून राहिले पाहिजे. हे काम मुलगा करणार नाही, पाहुणे तर नाहीच नाही. ते सासूचे काम आहे. फोनवर "ती कामात आहे" एवढेच मी सांगते आता. अभ्यासात आहे म्हटले की लोक हसतात आणि "दोन मिनिटे दे" म्हणतात.

आता तिचे दुसरे वर्ष चालू आहे. संध्याकाळचा स्वयंपाक मी आणि मुलगा करतो. त्याच्या पोळ्या अजून नकाशासारख्या होतात, नातू रोज त्यांत एखादे राज्य शोधतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तिला घरी यायला साडेसहा होतात. म्हणून मी सकाळच्या डब्यात वेगळ्या कागदात दोन दशम्या आणि चटणी बांधून देते. कॉलेज सुटल्यावर, वांद्र्याला गाडीत चढण्याआधी ती खाऊन घेते.